ए प्लस, कोअर १ : अभ्यासाच्या आणि टेबलावरच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

कॉम्पटिया ए प्लस करायचं नक्की झालं. संगणक दुरुस्ती आणि आयटी सपोर्टमध्ये पाऊल ठेवणाऱ्यांसाठी ही कॉम्पटिया या संस्थेची परीक्षा १९९३ पासून चालू आहे. पेपर दोन, कोअर १ आणि कोअर २. फी दोन्हींची वेगळी, आणि दोन्ही निघाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. प्रत्येक पेपरला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुण १०० ते ९०० या पट्टीवर मोजतात. पास व्हायला कोअर १ मध्ये ६७५ लागतात, कोअर २ मध्ये ७००.

पहिला निर्णय आवृत्तीचा होता. २२०-११०१ आणि ११०२ ही जुनी जोडी २५ सप्टेंबरला बंद होतेय, नवी १२०१-१२०२ मार्चमध्ये आली. जुन्या जोडीचं साहित्य भरपूर आहे, सेकंडहँड पुस्तकंही मिळतात, त्यामुळे मन तिकडे ओढ घेतं. पण एक पेपर जुना आणि एक नवा असं चालत नाही, आणि दुकान सांभाळून दोन्ही पेपर सप्टेंबरच्या आत उरकणं मला जमणारं नाही. म्हणून नवी जोडी. आधी कोअर १.

अभ्यासक्रमाची पीडीएफ कॉम्पटिया मोफत देते. तिची प्रिंट काढून स्पायरल करून आणली. कोअर १ ची वाटणी अशी: मोबाइल उपकरणं १३ टक्के, नेटवर्किंग २३, हार्डवेअर २५, व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड ११, आणि हार्डवेअर-नेटवर्कमधला बिघाड शोधणं २८. सगळ्यात मोठा वाटा बिघाड शोधण्याचा आहे हे मला फार आवडलं. कराडला मी काम करते त्या दुरुस्तीच्या दुकानात रोज टेबलावर येतं ते हेच.

या नोंदी मराठीत ठेवणार आहे. पेपर इंग्रजीत द्यायचा असला तरी एखादी गोष्ट मला समजली की नाही हे मराठीत लिहूनच कळतं. शिवाय आमच्यासारख्या गावांतून पुढे कुणी हा अभ्यास घेतला तर त्याला उपयोग होईल.

२२ जून, रविवार

दुकान चालवणाऱ्या दादांनी रविवारी दुकानाच्या मागची खोली वापरायला दिली. भंगारात जाणाऱ्या मशीनमधून दोन उभी राहतील असं दिसतंय. एक दुसऱ्या पिढीच्या आय ३ चं, डीडीआर ३ रॅमचं. दुसरं जरा नवं, डीडीआर ४ चं. जुना आठ पोर्टचा स्विच, दोन राउटर, क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर, मल्टिमीटर. एवढी प्रयोगशाळा मला पुरे.

आज फक्त रॅम घेऊन बसले. डीडीआर ३ च्या पट्टीला २४० पिना, डीडीआर ४ ला २८८. डीडीआर ५ लाही २८८ च, पण खाच दुसऱ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपच्या पट्ट्यांचे आकडे वेगळे: २०४, २६० आणि २६२. पुस्तकात हे आकडे वाचताना एकमेकांत मिसळतात. तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवून खाचेवरून बोट फिरवलं की विसरायचा प्रश्न राहत नाही. डीडीआर ५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप पट्टीवरच असते, आधी ते काम मदरबोर्ड करायचा. दादांकडे एका गेमिंग मशीनसाठी आलेली नवी पट्टी होती, ती पिशवीतून न काढता वरूनच बघितली. मधोमध ती छोटी चिप स्पष्ट दिसते.

नव्या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, ते चालू केलं. आता त्यात लिनक्स आणि विंडोज दोन्ही आभासी मशीनवर चालवून बघता येतील.

२९ जून, रविवार

आज अभ्यासक्रमातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग: बिघाड शोधण्याची पद्धत. पायऱ्या सहा आहेत आणि क्रम ठरलेला आहे. आधी तक्रार नीट समजून घ्या. वापरणाऱ्याला विचारा, अलीकडे काय बदललं ते विचारा, डेटाचा बॅकअप आहे का बघा. मग संभाव्य कारणाचा अंदाज बांधा, आणि अगदी साधी कारणं आधी धरा. मग अंदाज पडताळा. चुकला तर नवा अंदाज बांधा, नाहीतर वरिष्ठांकडे जा. मग काय करायचं ते ठरवून करा. मग सगळी यंत्रणा चालते का तपासा आणि पुन्हा तसं होऊ नये याची सोय करा. शेवटी काय आढळलं, काय केलं, काय झालं ते लिहून ठेवा.

वाचायला सोपं आहे. पण आपल्याकडच्या दुकानांत होतं काय? मशीन स्लो आहे, फॉरमॅट मारा. नेट चालत नाही, फॉरमॅट मारा. प्रिंट निघत नाही, ड्रायव्हर टाकून बघा आणि नाही झालं तर फॉरमॅट मारा. ग्राहकाचे दोन दिवस जातात, कधी टॅलीचा डेटा जातो, आणि बिघाड काय होता हे कुणालाच कळलेलं नसतं. महिन्याभराने तीच तक्रार परत येते. फॉरमॅट हा उपाय कधी कधी बरोबर असतो, पण तो निदानाच्या जागी वापरला की माणूस कारागीर म्हणून वाढत नाही. हे मला मनापासून वाटतं, आणि या परीक्षेमागे लागण्याचं खरं कारण हेच आहे.

पद्धत वापरून बघायला काल एक नो डिस्प्लेचं मशीन मिळालं. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. ग्राहकाला विचारलं तर म्हणाला, "पावसात आठवडाभर बंदच होतं, ताई." आधी मॉनिटर आणि त्याची केबल दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली, ठीक. मग मशीन कमीत कमी भागांवर आणलं: ग्राफिक कार्ड काढलं, हार्डडिस्क सोडवली, एकच रॅम ठेवली. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मल्टिमीटरवर मोजला. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेषा पाच टक्क्यांच्या आत होत्या. प्रोसेसरच्या वीजजोडणीची चार पिनांची वायर घट्ट बसलेली. रॅम काढल्यावर बीप आला, लावल्यावर नाही. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि संशय रॅमवर किंवा स्लॉटवर. पट्टीच्या सोनेरी पिनांवर मळकट थर होता. दुकानात सगळे खोडरबर घासतात. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न पिंजणारं कापड वापरलं, कारण रबराचा चुरा स्लॉटमध्ये राहतो. डिस्प्ले आला. रॅम घासून डिस्प्ले येतो हे दुकानात सगळ्यांनाच ठाऊक आहे; पण यावेळी उतरलेली बॅटरी सोडली तर दुसरं काहीच बिघडलेलं नाही हे मी ग्राहकाला खात्रीने सांगू शकले.

मदरबोर्डवरची ती छोटी बॅटरीही बदलली. सीआर २०३२, तीन व्होल्टची असते, ही २.४ वर आली होती. तारीख दर वेळी मागे जायची ती यामुळे.

७ जुलै, सोमवार

पोर्ट नंबर, म्हणजे नेटवर्कवरची प्रत्येक सेवा ओळखायचा ठरलेला आकडा. नुसती यादी डोक्यात बसेना, म्हणून जोड्या लावल्या: असुरक्षित आणि त्याचं सुरक्षित भावंड. टेलनेट २३, एसएसएच २२. एचटीटीपी ८०, एचटीटीपीएस ४४३. पॉप-३ चे ११० आणि ९९५. आयमॅप १४३ आणि ९९३. एलडॅप ३८९ आणि ६३६. उरलेले एकटे: डीएनएस ५३, डीएचसीपी ६७-६८, फाइल शेअरिंगचा ४४५, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९. एका मशीनवरून दुसऱ्यावर रिमोट डेस्कटॉप लावलं आणि नेटस्टॅट ही आज्ञा चालवून ३३८९ समोर बघितला. डोळ्यांनी बघितलेला आकडा राहतो.

१३ जुलै, रविवार

लेझर प्रिंटर. पुस्तकात सात टप्पे दिलेत: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्युजिंग, क्लीनिंग. पाठ करायला अर्धा तास लागतो. समजायला मात्र कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सवाल्या काकांचा प्रिंटर लागला.

तक्रार अशी: छापलेली अक्षरं बोटाने पुसली जातात. वकिलांच्या प्रतिज्ञापत्रांवर शिक्का मारताना शाई फरफटते. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना फ्युजर असेंब्ली बदलायला सांगितली होती आणि तिचा खर्च ऐकून ते थांबले होते.

मशीन समोर घेऊन टप्पे मनात लावले. आधी ड्रमवर सगळीकडे सारखा ऋण विद्युतभार चढतो. लेझर जिथे पडतो तिथला भार कमी होतो आणि टोनर नेमका तिथे चिकटतो. कागदाखालचा ट्रान्सफर रोलर विरुद्ध भाराचा असतो, तो टोनर कागदावर ओढून घेतो. इथपर्यंत टोनर कागदावर नुसता पडलेला असतो, फुंकर मारली तरी हलेल. फ्युजरमध्ये उष्णता आणि दाब मिळाला की तो वितळून कागदाच्या तंतूंत धरतो. मग पुसला जाणारा टोनर म्हणजे फ्युजिंगची अडचण, हे उघड आहे. पण फ्युजिंग कशाने बिघडतं? फ्युजर गरम होत नसेल, दाब कमी पडत असेल, कागद जाड असून सेटिंग पातळ कागदाचं असेल, किंवा कागदच ओलसर असेल.

पान अर्ध्यात असताना झाकण उघडलं. फ्युजरच्या अलीकडचं अक्षर गडद, कडा स्वच्छ. म्हणजे ड्रम, टोनर, ट्रान्सफर सगळं ठीक. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार साधा होता, तोही बरोबर. मग कागदाचा गठ्ठा हातात घेतला. खिडकीशेजारी उघडा ठेवलेला, आणि जुलैतला कराडचा पाऊस. कोपरे वळलेले, हाताला गारवा लागत होता. ओल्या कागदात फ्युजरची उष्णता पाणी घालवण्यात जाते आणि टोनरच्या वाट्याला कमी येते. दुकानातून सीलबंद रीम आणलं, पाच पानं काढली, नखाने घासली. काही निघालं नाही. परत खिडकीतला कागद घातला, परत पुसलं जाऊ लागलं.

काकांना दोन गोष्टी सांगितल्या: रीम फोडल्यावर उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवायचा, आणि ट्रेमध्ये संध्याकाळी कागद ठेवून जायचं नाही. फ्युजर बदलायची गरज नव्हती. फक्त भेटीचे पैसे घेतले. दादा म्हणाले, असेंब्ली विकली असती तर चार पैसे सुटले असते, पण हे काका आता दुसरीकडे जायचे नाहीत.

याच प्रकरणात एक उपयोगी गोष्ट मिळाली. पानावर ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर ते अंतर मोजायचं. ते कोणत्या रोलरच्या परिघाशी जुळतं त्यावरून दोषी भाग कळतो. त्यासाठी स्टीलची पट्टी टूलकिटमध्ये टाकून ठेवली.

२० जुलै, रविवार

इम्पॅक्ट प्रिंटरचा धडा बरेचजण सोडून देतात असं दिसतं, जुनी गोष्ट म्हणून. इथे पतसंस्थेत पासबुक त्यावरच छापतात आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना तीन प्रतींची बिल्टी लागते. कार्बनच्या खालच्या प्रतीवर ठसा उमटवायला पिनांनी ठोकावंच लागतं. ते लेझरला जमणार नाही. एखादी आडवी पांढरी रेघ सगळ्या अक्षरांतून जात असेल तर हेडची पिन अडकली किंवा तुटली. सगळंच फिकट असेल तर रिबन.

थर्मलमध्ये शाईच नाही, लेप कागदावर असतो आणि तोही एकाच बाजूला. रोल उलटा बसवला की बिल कोरं येतं. किराणा दुकानांतून यासाठी फोन येतात. आता पहिला प्रश्न हाच विचारते.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून क्रिम्पिंग, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं. टी ५६८ बी या पद्धतीतला तारांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवायचा. केबलच्या पिळ्या जेवढ्या कमी उलगडाल तेवढं बरं. त्या पिळ्यांमुळेच शेजारच्या जोडीतला गोंधळ आत शिरत नाही. आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. सीसीटीव्हीच्या कामात जोडण्या सैल होतात त्या बहुतेक इथेच.

कॅट ५ ई प्रकारच्या केबलवर एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं. कॅट ६ वर दहा गिगाबिट हवं असेल तर ५५ मीटरच धरायचे. कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीज देणारे पीओई स्विच आपल्याकडे रोजचे आहेत, पण स्विचवर लिहिलेले एएफ आणि एटी यांचा अर्थ आज नीट लागला. एएफ एका पोर्टला १५.४ वॅट देतो, एटी ३०. फिरणारा, रात्री इन्फ्रारेड लावणारा कॅमेरा एएफवर अंधार पडल्यावर बंद का पडू शकतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. बाजारपेठेतल्या एका इमारतीत फोनवर स्कॅन केलं तर बहुतेक राउटर ६ वर.

१७ ऑगस्ट, रविवार

सराव पेपर सुरू केले. कल्पना येते, पण बऱ्याच ठिकाणी उत्तर बरोबर का हे दिलेलं नसतं. माझी रीत अशी ठेवलीय: चारही पर्यायांपुढे एक ओळ लिहायची, बरोबर का किंवा चूक का. लिहिता आलं नाही तर तो विषय परत. वेळ लागतो, पण एका प्रश्नातून चार गोष्टी पक्क्या होतात.

पेपरात काही प्रश्न करून दाखवायचे असतात, म्हणजे समोर एक चित्र किंवा खोटी यंत्रणा येते आणि केबल जोडणं, राउटर लावणं असं काम करायचं. ते बहुधा सुरुवातीला येतात आणि वेळ खातात. जाणकारांचा सल्ला आहे की खूण करून पुढे जावं आणि शेवटी परत यावं. तसाच सराव करतेय.

ओळखीच्या एकाने "खरा पेपर फुटलाय, घे" म्हणून फाइल पाठवली. उघडली नाही, डिलीट केली. असं साहित्य वापरलं तर कॉम्पटिया प्रमाणपत्र रद्द करू शकते, हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की पाठ केलेल्या उत्तरांवर प्रमाणपत्र मिळवलेला माणूस पतसंस्थेच्या सर्व्हरसमोर उभा राहिला तर तो काय करील? पुन्हा फॉरमॅटच मारील.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती. अभ्यास बंद. आमच्या मंडळाचा प्रोजेक्टर देखाव्यात मध्येच बंद पडायचा. मागची जाळी मखराच्या कापडाने झाकली गेली होती आणि फिल्टर धुळीने भरलेला. कापड सरकवलं, फिल्टर झटकला, रात्रभर चालला. प्रोजेक्टर मध्येच बंद पडणं हे अभ्यासक्रमात शब्दशः लिहिलेलं लक्षण आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

एका सीए ऑफिसमधून सकाळी फोन. रिटर्न भरायची मुदत यंदा १५ सप्टेंबर, म्हणजे त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नाही. काही मशीनवर इंटरनेट चालतं, काहींवर नाही. ज्यांवर चालत नाही त्यांवरून प्रिंटही निघत नाही. कालची बंद मशीन आज चालतात, आजची बंद काल चालत होती. दोन मशीनवर आधीच कुणीतरी नवीन विंडोज टाकून गेलं होतं. त्यातलं एक त्या दिवशी चाललं, दुसऱ्या दिवशी परत बंद.

मशीन बदलतं पण तक्रार तीच राहते, म्हणजे दोष मशीनमध्ये नाही. हा पहिला अंदाज. आधी कशालाही हात न लावता चालणाऱ्या एका आणि न चालणाऱ्या एका मशीनवर आयपीकॉन्फिग /ऑल ही नेटवर्कची माहिती दाखवणारी आज्ञा चालवली आणि दोन्ही वहीत शेजारी उतरवलं.

चालणारं: पत्ता १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे मशीनना पत्ते वाटणारा, १९२.१६८.१.१. न चालणारं: पत्ता १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हरही १९२.१६८.०.१. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर म्हटलं असतं की पत्ता वाटणारा कुणी सापडतच नाही, केबल बघू. इथे पत्ता मिळतोय, पण वाटणारे दोन आहेत. मशीन चालू होताना पत्ता मागतं, आणि दोघांपैकी ज्याचं उत्तर आधी येईल तो घेतं. म्हणून रोज वेगळ्या मशीनला फटका. प्रिंटर १९२.१६८.१.५० वर, शून्यवाल्या मशीनना तो दिसणारच नाही.

मग विचारलं, "गेल्या काही दिवसांत ऑफिसात नवीन काय लावलंत?" मॅडम म्हणाल्या, काही नाही. ऑफिसबॉयने मागून सांगितलं की सरांच्या केबिनमध्ये वाय-फाय कमी येत होतं म्हणून घरचा जुना राउटर आणून लावलाय. टेबलाखाली पाहिलं: ऑफिसची केबल त्याच्या पिवळ्या, म्हणजे लॅनच्या पोर्टमध्ये. निळा वॅन पोर्ट, जिथून इंटरनेट आत यायला हवं, तो रिकामा. त्यामुळे त्याच्याकडे इंटरनेट नाही, पण पत्ते वाटण्याचं काम तो सगळ्या ऑफिसला इमानेइतबारे करत होता.

अंदाज पडताळायला त्याची वायर काढली आणि बंद मशीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज, मग /रिन्यू. पत्ता १९२.१६८.१.३१. इंटरनेट आलं, प्रिंट आली. पण राउटर नुसता काढून ठेवला असता तर केबिनमधलं वाय-फाय गेलं असतं आणि कुणीतरी तो परत लावला असता. म्हणून त्यात जाऊन डीएचसीपी बंद केलं, त्याला मुख्य राउटरच्या वाटपाबाहेरचा १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि केबल लॅन पोर्टलाच ठेवली. आता तो फक्त वाय-फाय पसरवतो. प्रत्येक मशीनवरून आयकराचं पोर्टल उघडून पाहिलं, प्रत्येकावरून एक प्रिंट काढली. राउटरवर चिकटपट्टी लावून लिहिलं: रीसेट करू नये. रीसेट केला की डीएचसीपी परत चालू होईल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी त्या ऑफिसातली सगळी मशीन सुरू झाल्यावर मी स्वतः फोन केला. सगळं चालू होतं. पाचवी पायरी खऱ्या अर्थाने तेव्हा पूर्ण झाली.

२१ सप्टेंबर, रविवार

८ नोव्हेंबरची जागा घेतली, पुण्यात. घरी बसून कॅमेऱ्यासमोरही देता येते, पण त्याला अखंड वीज, अखंड नेट आणि पेपरभर कुणीही न येणारी खोली लागते. आमच्या घरात तिन्हींची हमी नाही. केंद्रच बरं.

नोंदणी करताना एक काळजी घ्यावी: नाव ओळखपत्रावर जसं आहे अगदी तसंच. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं, कुठे आडनाव आधी. दोन ओळखपत्रं लागतात. मी पासपोर्ट आणि पॅन दोन्ही काढून शब्द न् शब्द ताडून पाहिले आणि मग फॉर्म भरला.

नापास झालं तर दुसऱ्यांदा लगेच बसता येतं, फी मात्र परत पूर्ण. तिसऱ्या वेळेआधी १४ दिवस थांबावं लागतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दुकानात टेबलावर स्क्रूड्रायव्हरचा सेट, क्रिम्पिंग टूल, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन मांडून पूजा झाली. नंतर तासभर रेड वाचलं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या रीती. रेड ० वेगासाठी, एक डिस्क गेली की सगळं गेलं. रेड १ आरसा, तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरही. रेड ५ ला किमान तीन डिस्क आणि एक गेली तरी चालतं. रेड ६ ला चार, दोन गेल्या तरी चालतं. रेड १० ला चार. आणि यातला एकही बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा आधार आज संपला. हा विषय खरं तर कोअर २ चा, पण दिवसभर दुसरं काही बोलणंच नव्हतं. "ताई, उद्यापासून कॉम्प्युटर बंद पडणार का?" असं विचारत माणसं आली. बंद पडणार नाही. फक्त सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबेल. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदत ठेवलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तिची नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. एका क्लासच्या मशीन "चालत नाहीत" म्हणून बाद ठरवल्या होत्या. तिथे पीटीटी चालू केलं, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीवर नेली, बूट यूईएफआय या नव्या पद्धतीवर आणलं आणि त्या पात्र ठरल्या. अर्थात डिस्कला हात लावण्याआधी बॅकअप घेतला. ज्यांची मशीन खरोखर जुनी आहेत त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. दिवाळी तोंडावर असताना सरसकट नवीन मशीन विकणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही, आणि दादा यात माझ्या बाजूने उभे राहिले याचा मला आनंद आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

उजळणी. नवीन काही वाचायचं नाही असं ठरवलं. मोबाइलचा भाग कच्चा वाटत होता, तेवढा परत केला: फुगलेल्या बॅटरीचं उपकरण लगेच बंद करायचं, चार्जिंगला लावायचं नाही, बॅटरीला टोचायचं नाही, आणि विल्हेवाट ई-कचऱ्यातच. दुकानाच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा यासाठी वेगळा ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

काल कोअर १ निघाला. ७४१.

पहाटेच्या एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा. केंद्रावर फोन, घड्याळ, पाकीट सगळं लॉकरमध्ये. फोटो, सही, दोन्ही ओळखपत्रं. सुरू होण्याआधी प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार मान्य करावा लागतो, त्यामुळे पेपरात काय आलं ते इथे लिहिणार नाही. एवढं सांगते की करून दाखवायचे प्रश्न मी खूण करून शेवटी ठेवले आणि वेळ पुरला. बिघाडाचे प्रश्न वाचताना सगळ्यात महत्त्वाचा शब्द "सर्वात आधी" किंवा "यानंतर" हा असतो. चारही पर्याय करण्यासारखे असतात. विचारलेलं असतं ते कोणत्या पायरीवर काय. टेबलावर हा क्रम हाताला बसलेला होता म्हणून इंग्रजी वाक्यं लांब असूनही अडले नाही.

निकालपत्रावर गुणांखाली ज्या मुद्द्यांवर उत्तर चुकलं त्यांची यादी येते. पास झाल्यावर ती फेकून देऊ नये. माझ्या यादीत क्लाउडचे दोन मुद्दे आणि मोबाइलच्या जोडणीचा एक आहे. ते आधी पुरे करणार, मग कोअर २.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोअर २ ची वाटणी: ऑपरेटिंग सिस्टिम २८ टक्के, सुरक्षा २८, सॉफ्टवेअरमधला बिघाड २३, कामाच्या रीती २१. कामाच्या रीतींमध्ये तिकीट कसं लिहावं, बदल करण्याआधी काय नोंदवावं, ग्राहकाशी कसं बोलावं हे सगळं येतं. हा भाग पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. मला वाटतं आपल्या दुकानांना सगळ्यात जास्त गरज याचीच आहे.

दादांशी बोलून जॉबशीट बदलली. आधी फक्त ग्राहकाचं नाव, मशीन आणि रक्कम असायची. आता त्यात आणखी चार रकाने आहेत: ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत, काय काय तपासलं, काय आढळलं, काय केलं. सोमवारपासून छापून येईल. फॉरमॅट करायचा असेल तर तिसरा रकाना भरल्याशिवाय करायचा नाही असं दोघांचं ठरलंय.

पुढच्या रविवारी मालवेअर काढण्याचा क्रम आभासी मशीनवर करून बघायचा आहे: लक्षणांची खात्री, मशीन नेटवर्कपासून तोडणं, सिस्टिम रिस्टोअर बंद करणं, अँटिव्हायरस अपडेट करून स्कॅन, रिस्टोअर पुन्हा चालू करून नवा बिंदू तयार करणं, आणि शेवटी वापरणाऱ्याला समजावून सांगणं. आतेबहीण आयटीआयला कोपा या संगणकाच्या ट्रेडला आहे, तीही येते म्हणाली. तिच्यासाठी डीडीआर ३ चं मशीन मोकळं करून ठेवते.